फॅन इम्पेलरचा एकच सेक्टर घेऊन मोडल केलं, निम्मे मोड गायब

प्रश्न (मकरपुरावाला):
नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्यात मकरपुऱ्याला एका छोट्या कारखान्यात फॅनचं डिझाईन बघतो. इम्पेलरला (फॅनच्या फिरत्या चक्राला) १२ तिरकी पाती, मोटर १४७० आरपीएम. कंप्युटरवर मोडल ॲनालिसिस करतोय, म्हणजे चक्र कुठल्या फ्रिक्वेन्सीला कुठल्या आकारात (मोडमध्ये) कंप पावतं ते काढतोय. पूर्ण मॉडेल रात्रभर चालतं म्हणून ३० अंशाचा एकच तुकडा (सेक्टर) घेतला, कापलेल्या दोन्ही बाजूंना सिमेट्री लावली, तर पूर्ण मॉडेलमधले बरेच मोड दिसतच नाहीत. आणि पूर्णमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन-दोन मोड का येतात?

उत्तर (कलाभवन_मेक):
दादा, ती सिमेट्री काढून टाका. ती आरशाची अट आहे आणि तिरक्या पात्याला आरसा लागूच पडत नाही. इथे चक्रीय सिमेट्री पाहिजे, म्हणजे उजव्या बाजूची हालचाल डाव्या बाजूइतकीच पण ३०×n अंश फेजने पुढे, n म्हणजे नोडल डायमीटर, कंपताना चकतीवरच्या न हलणाऱ्या व्यासरेषांची संख्या. तुमच्याकडे n ० ते ६, प्रत्येकासाठी वेगळं सॉल्व्ह होतं. ० आणि ६ ला मोड एकेकटे, १ ते ५ ला जोडीने, कारण तोच आकार चकतीवर थोडा फिरवला तरी फ्रिक्वेन्सी तीच राहते. पात्याच्या प्रत्येक कंपनप्रकारामागे १+१+१० मिळून १२, पात्यांइतकेच, हिशेब जुळतो बघा. दोन्ही बाजूंचे नोड (जाळीचे बिंदू) फिरवल्यावर एकमेकांवर तंतोतंत बसतील असं मेश (मॉडेलची जाळी) करा, आणि आधी फिरण्याचा ताण स्टॅटिकमध्ये काढून मगच मोडल, नाहीतर पात्यांच्या फ्रिक्वेन्सी चुकतील.

मकरपुरावाला:
खूप आभार! आता एवढ्या मोडांतले घाबरायचे कुठले? फॅनच्या पुढे ५ सपोर्ट आहेत

उत्तर (टर्बोकाका):
अरे मग काम सोपं आहे. त्या ५ सपोर्टमुळे पात्याला एका फेऱ्यात ५ धक्के बसतात, सेकंदाला २४.५ फेरे, म्हणजे १२२.५ हर्ट्झ, आणि तो धक्का फक्त n=५ लाच उचलतो. १० वा हार्मोनिक (फेऱ्याच्या फ्रिक्वेन्सीची १० पट) २४५ हर्ट्झला, पण १२ पात्यांना १० आणि २ यात फरक कळत नाही म्हणून तिथे n=२ बघ, १५ वा ३६७.५ ला n=३ वर. नुसती फ्रिक्वेन्सी जुळली आणि n जुळला नाही तर रेझोनन्स (कंपन वाढत जाणं) नाही, निदान सगळी पाती हुबेहूब असतील तोवर. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे बरं का, वेल्डिंगने पाती थोडी वेगळी होतातच, मग जोड्या फुटतात (दोघांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या होतात) आणि एखाद्याच पात्यावर कंपन गोळा होतं, ते एका सेक्टरमध्ये कधीच दिसणार नाही. म्हणून पूर्ण मॉडेल टाकून देऊ नकोस, आणि तयार इम्पेलरच्या प्रत्येक पात्याला हातोडी मारून फ्रिक्वेन्सी मोज.