मदत हवी आहे: ब्रिटनीत आईबाबांना कोणत्या पुळणीवर न्यावं?

नमस्कार मंडळी. फ्रान्समध्ये ब्रिटनीत कोणी राहतं का? आईबाबा रत्नागिरीहून जुलैत आमच्याकडे रेनला येतायत. गेल्या उन्हाळ्यात सँ-ब्रियूच्या उपसागरावर गेलो, तर पुळणभर हिरवं शेवाळ आणि कुजक्या अंड्यांचा वास. हे उल्वा, म्हणजे इथे ताजं सॅलडमध्ये खातात तेच! शेतातल्या खतांचं नायट्रेट नद्यांतून येतं आणि त्यावर हे शेवाळ उथळ पाण्यात बेसुमार वाढतं. ताजं असताना त्रास नाही. पण ढीग कुजले की वर वाळकी साय धरते, खाली हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू कोंडतो आणि पाय पडला की भसकन बाहेर येतो. २००९ मध्ये सँ-मिशेल-आँ-ग्रेव्हला एक घोडा दगावला, २०११ मध्ये ग्वेसाँ नदीच्या मुखाशी ३६ रानडुकरं मेली. बाबांना दमा आहे, म्हणून जिवाला घोर लागलाय.

जुलै-ऑगस्टमध्ये खात्रीने स्वच्छ असते अशी पुळण कोणती? खडकाळ किनारा बरा पडेल का? निघण्यापूर्वी तिथली त्या दिवसाची स्थिती कुठे बघता?

आणखी एक, आईला उल्वाची भजी करून बघायचीत. कोणी स्वतः काढून खाल्लंय का, की दुकानातलंच घ्यावं? कृपया अनुभव असेल तर जरूर लिहा.