स्मिथला घेरलं तरी टेट आणि क्लेअर होते
ओहायो स्टेट या अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघातून एमेका एग्बुका हा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) गेल्यामुळे २०२५ मध्ये प्रतिस्पर्धी जेरेमाया स्मिथ या दुसऱ्या रिसीव्हरवर दोन-दोन बचावपटू सोडतील, असं एका चाहत्याने मोसमाआधी म्हटलं होतं आणि ते पटलं होतं. पण तेवढ्याने ओहायो स्टेटचं आक्रमण थंडावेल असं मला नव्हतं वाटत. जानेवारी २०२५ मधल्या कॉटन बोल या बाद फेरीच्या सामन्यात टेक्सासने स्मिथला एका झेलावर, ३ यार्डांवर रोखलं होतं. त्याच सामन्यात आमचा तिसरा रिसीव्हर कार्नेल टेटने ७ झेल आणि ८७ यार्ड काढले, आणि आपण जिंकलो!

टाइट एंडचा (अडवणूकही करणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) विषय मात्र कुणीच काढला नव्हता. पर्ड्यू विद्यापीठाच्या संघातून आलेला टाइट एंड मॅक्स क्लेअरने २०२४ च्या मोसमात ५१ झेल, ६८५ यार्ड केले, तेही १२ पैकी एकच सामना जिंकलेल्या संघातून. सेफ्टी (मागे राहून लांबचे पास अडवणारा बचावपटू) स्मिथकडे सरकला की मधली जागा मोकळी होते. नव्या क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या खेळाडूला) तिथे असा भरवशाचा माणूस हवाच होता. ३० ऑगस्ट २०२५ ला समोर परत टेक्सासच होता, तेव्हा पहिल्या थर्ड डाउनला (१० यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) क्लेअरवर नजर ठेवण्यासारखी होती.