मदत हवी आहे: रत्नागिरीचा थिबा राजवाडा आणि आसपासचा परिसर, दोन दिवसांत कसा बसवावा?

प्रश्न (सागरवाट):
रविवारी सकाळी कोकण रेल्वेने रत्नागिरीत उतरतोय, मंगळवारी पहाटे परतीची गाडी. बरोबर सत्तरीचे आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. थिबा राजवाडा नीट बघायचाच आहे. रत्नदुर्ग, गणपतीपुळे आणि पावसही यादीत आहेत. क्रम कसा लावावा? स्वतःची गाडी नाही.

जांभा:
राजवाडा रविवारीच उरकून घ्या. तिथे राज्य शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. बरेच जण सोमवारी जाऊन फाटकावरून परत फिरतात.

स्टेशन गावाबाहेर, कुवारबावला आहे. तिथून रिक्षा किंवा शहर बस मिळते. सामान आधी मुक्कामी टाका आणि मग राजवाड्यावर जा. वास्तू तीन मजली आहे, त्यामुळे बाबांना खालच्या दालनांत निवांत बसून बघू द्या. वरचं काय उघडं आहे ते दारातच विचारा, म्हणजे उगाच जिने चढणं होणार नाही.

आत शिरायच्या आधी एवढं माहीत असू द्या: ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० मध्ये तयार झाला. म्हणजे जवळपास चोवीस वर्षं तो इथल्या दुसऱ्या घरांत राहिला आणि वाड्यात जेमतेम सहा वर्षं. १९१६ मध्ये तो वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. हे डोक्यात असलं की रिकामी दालनं रिकामी वाटत नाहीत. बाहेरून एक फेरी जरूर मारा. उतरतं छप्पर, जांभ्याच्या भिंती आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांवरचं कोरीवकाम उजेडात फार सुंदर दिसतं. पण दुपारचं ऊन डोक्यावर यायच्या आत हे करा.

वाड्याजवळच थिबा पॉइंट आहे. तिथून भाट्येची खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत येतो. संध्याकाळ तिथेच ठेवा, चालणं फारसं नाही.

खाडीकाठ:
वरच्यात दोन गोष्टींची भर.

शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे. १९१२ मध्ये वारलेल्या धाकट्या राणीलाही तिथेच पुरलं आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. जागा लहान आहे, गर्दी नसते. रिक्षावाल्याला 'थिबाची समाधी' असंच सांगा. नुसतं 'थिबा' म्हटलंत तर तो राजवाड्यावर नेईल.

दुसरं, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान त्याच दिवशी बघा. मंडालेचा राजा, म्हणजे थिबा, रत्नागिरीत कैदेत होता, त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. दोन्ही जागा एका दिवसात पाहिल्या की मुलीला हा इतिहास समजावायला वेगळं पुस्तक लागत नाही.

भरतीओहोटी:
सोमवार गणपतीपुळ्याला द्या. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने साधारण २५ किमी. एसटीने जाणार असाल तर बस 'आरे-वारेमार्गे' आहे का हे चढायच्या आधी विचारा. आतल्या रस्त्याने जाणारी मिळाली तर समुद्र दिसत नाही. आई-बाबांसाठी रिक्षा किंवा गाडी ठरवणं बरं, म्हणजे आऱ्याच्या उतारावर थांबता येतं. चालकाला गाडी वाळूत घालू देऊ नका. वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते, चाक जागच्या जागी फिरलं की आणखी रुततं, आणि तेवढ्यात भरती आली तर पंचाईत.

भरतीचा कोकणातला ठोकताळा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. षष्ठी असेल तर साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि साडेदहाच्या सुमारास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना चालतो.

पुळ्याच्या समुद्रात मुलीला गुडघ्यापुढे सोडू नका, आरे-वारेलाही तेच. तळ एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. चांगलं पोहणारेही इथे बुडालेले आहेत. प्रदक्षिणा संपूर्ण डोंगराला, साधारण एक किमी. दुपारी अनवाणी पाय पोळतात, सकाळीच करा. बाबांनी खालून दर्शन घेतलं तरी चालेल.

सागरवाट:
खूप उपयोगी. मग रत्नदुर्ग आणि पावस?

जांभा:
सोमवारी दुपारी परत आलात की रत्नदुर्ग. गाडी किल्ल्याच्या दाराजवळ जाते, पुढे भगवतीच्या देवळापर्यंत थोड्या पायऱ्या आहेत. बाबांना हात द्यायला कुणी तरी बरोबर हवंच. पावसाळ्यात जात असाल तर जांभ्यावरच्या शेवाळाला जपा, चपला रबरी पकडीच्या हव्यात. दीपगृह वेगळ्या टेकडीवर आहे, ते याच फेरीत घालू नका.

पावस भाट्येचा पूल ओलांडून दक्षिणेला, पुळे उत्तरेला. एका दिवसात दोन्ही केलं तर दिवस गाडीतच जाईल. रविवारी राजवाड्यानंतर आई-बाबांना दम असेल तर तीनला निघून स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घ्या आणि सूर्यास्तापूर्वी थिबा पॉइंटला या. नसेल तर पावस सोडा, राजवाड्याची सकाळ मात्र कापू नका.