मदत हवी आहे: सराउंड स्पीकरची वायर भिंतीत जाणार आहे, कोणती टाकू?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या जुन्या घराचं काम काढलंय. हॉलमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) बसवतेय. आईला अलीकडे टीव्हीवरचे संवाद नीट कळत नाहीत, त्यामुळे सेंटर स्पीकर, म्हणजे संवाद ज्यातून येतात तो मधला, चांगला घेतलाय. भिंतीत पाइप टाकणं चालू आहे. प्लास्टर झालं की काही बदलता येणार नाही, म्हणून घाईने विचारतेय.

रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) टीव्हीखाली आणि सराउंड स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवर. छतावरून वळसा घेऊन वायर १५ मीटर होते. इलेक्ट्रिशियनदादा म्हणतात, १.५ स्क्वेअर एमएमची लवचीक तांब्याची वायर भरपूर झाली. पण जाऊन-येऊन ३० मीटर धरले तर तिचा रोध साधारण ०.४ ओम होतो आणि माझे स्पीकर ६ ओमचे आहेत. वायरचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत असावा, असा ढोबळ नियम आहे. त्यात ही बसत नाही. २.५ची घेतली तर पाव ओमच्या आत येते, म्हणून माझा कल तिकडे आहे. पुढचे तिन्ही स्पीकर जवळ आहेत, तिथे १.५ चालेल.

अडचण अशी की सराउंडच्या मागे दाबून उघडायच्या बारीक क्लिपा आहेत. २.५चा तुकडा पिळून घालून पाहिला, तर दोन-चार तारा बाहेरच राहतात. त्या शेजारच्या टोकाला टेकल्या तर शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायरच जायचा. टोकाला पिन दाबून बसवावी का? कोणी केलंय का असं?

दुकानात 'स्पीकर वायर' म्हणून जाडजूड, पारदर्शक गुंडाळी दाखवली. एक तार सुरीने खरवडली तर आत पांढरी निघाली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध दीडपट, म्हणून घेतली नाही. तुम्हीही घेण्याआधी खरवडून बघा. साधी पण शुद्ध तांब्याची वायर खास 'स्पीकर वायर'पेक्षा आवाजाला कमी पडते का, हे दोन्ही वापरलेल्यांनी सांगावं.

दुसरं म्हणजे सबवूफर. त्याची आरसीए केबल (रिसीव्हरकडून सिग्नल नेणारी) ८ मीटर जाणार आहे. २३० व्होल्टच्याच पाइपातून ती ओढू नका, असं मी दादांना स्पष्ट सांगितलंय. हम (सबवूफरमधून सतत येणारी घुमघुम) येईलच, शिवाय ते धोक्याचंही आहे. वेगळा पाइप ठरलाय, पण लाइटचा पाइप त्याला बराच वेळ समांतर जातो. मध्ये एक फूट अंतर पुरेल का? की सबवूफरची जागाच बदलू?

टीव्ही ते रिसीव्हर एचडीएमआय ईआर्कनेच (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरला देणारी सोय) जोडणार आहे. ऑप्टिकल केबलमधून कॉम्प्रेस केलेलं ५.१ जातं, पण लॉसलेस (काहीही न गाळलेलं) ५.१ जात नाही, त्यामुळे तो विचार सोडला.

भिंतीतून वायर नेलेल्या कोणी पाइपाचा आणि जोडणीचा फोटो टाकला तर दादांना दाखवता येईल. रविवारपर्यंत वायर आणून द्यायची आहे.