२००९ ची कॅम्पर केलेली ट्रॅव्हलर: लातूरहून रत्नागिरीला न्यावी का? (फोरमवरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

औसा रोड

२००९ ची टेम्पो ट्रॅव्हलर बघितली आहे. मीटरवर २,६०,००० किमी. आधीच्या मालकाने सीटा काढून मागे पलंग, ओटा, सिंक, टपावर २०० लिटरची पाण्याची टाकी, इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी बसवली आहे. माणसं सात: आम्ही दोघं, आई-वडील, बहीण आणि दोन लेकरं. मे महिन्यात तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं रत्नागिरीला जायचं आणि आठवड्यात परत यायचं. इंजिनाचा आवाज चांगला आहे, मिस्त्री म्हणतो घेऊन टाका. बयाणा द्यायच्या आधी काय काय बघू?

कमानपाटा

भाऊ, आवाजावर जाऊ नका. हे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाच्या घराण्यातलं. टायमिंगला साखळी आहे, वेळेवर ऑइल मिळालं तर लई वर्षं ओढतं. जुनी गाडी वाटेत बसते ती बहुतेक वेळा ढिल्या क्लॅम्पवर, फुगलेल्या होज पाइपवर नाहीतर चोक झालेल्या रेडिएटरवर.

सकाळी गाडी थंड असताना जा. बॉनेटला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत जा, कारण खरी दुखणी थंड इंजिनातच दिसतात. रेडिएटरचं झाकण उघडून तोंडापर्यंत पाणी भरा आणि झाकण उघडंच ठेवून सेल मारा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते आत अडकलेल्या हवेचे. सतत येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंय किंवा हेडला चीर आहे. मग भावाची बोलणी नव्याने सुरू करा.

पाण्याचा रंगही बघा. तांबूस गढूळ असेल तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलंय. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने हंड्याला जसा पांढरा थर चढतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधेच राहतो, चढाला लागलं की गाडी तापते. तांबं-पितळेचा रेडिएटर असेल तर टाक्या उघडून नळ्यांत सळई मारून घ्या. अॅल्युमिनियमचा असेल तर सरळ बदला. नंतर कुलंट आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं घाला. रेडीमिक्स कुलंट असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत सोयाबीनच्या मळणीचा भुस्सा आणि मुरुमाची धूळ बसलेली असते. एसीचा कंडेन्सर पुढे असल्यामुळे ती वरून दिसतच नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या जोराने मारा. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की फिन वाकतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, आहे का हे नक्की विचारा. उन्हाळ्यात काढून टाकायची आपल्या मिस्त्री लोकांना सवय आहे. बायपास असलेल्या इंजिनात तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातो आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. नवा बसवायच्या आधी पातेल्यात उकळून बघा, ८० अंशांच्या आसपास उघडायला पाहिजे.

शेवटी इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. धूर भसाभसा यायला लागला किंवा उलटं ठेवलेलं झाकण नाचायला लागलं, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खायली. रेस केल्यावर काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर, मग डिझेलचे नोजल बघा.

मोंढा नाका

वरचं सगळं बरोबर, पण मला काळजी त्या टपावरच्या टाकीची आहे. २०० लिटर म्हणजे २०० किलो, तेही सगळ्यात उंच जागी. अर्धी भरलेली असली तर घाटातल्या वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी कलते. ती टाकी काढा. ४० ते ५० लिटरची टाकी आत, मागच्या अॅक्सलजवळ जमिनीला पट्ट्याने बांधा. प्यायला २० लिटरचे जार वाटेत कुठेही भरून मिळतात.

माणसं, सामान, पाणी, डिझेल सगळं भरून गाडी मोंढ्यातल्या वजनकाट्यावर घाला. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताळा करा. प्लायवूडची कपाटं दिसायला हलकी असतात, काट्यावर कळतं. पलंग आणि ओटा एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचे कमानपाटे बसलेले दिसतील. दोन्ही बाजूंच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा.

टायरची नक्षी चांगली म्हणून खूश होऊ नका. कडेला चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर मेच्या उन्हात, भरलेल्या गाडीला नको. स्टेपनीचाही आकडा वाचा, तिला सगळे विसरतात.

औसा रोड

टाकी काढतो. रात्री बॅटरीवर छोटा फ्रिज आणि दोन पंखे चालतील का? आणि घाटाचं काय?

बारा व्होल्ट

१५० एएच लिहिलं असलं तरी लेड-अॅसिड बॅटरी (ट्युब्युलर त्यातलीच) निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ७५. १२ व्होल्टचा ४५ वॉटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर २४ तासांत ४५ एएच. १५ वॉटचे दोन पंखे आठ तास म्हणजे २०. दिवे चार-पाच. झाले ७०. मेमध्ये फ्रिज निम्म्याहून जास्त वेळ चालतो, तेव्हा एक रात्र कशीबशी निघेल, दुसरी नाही. घरचा २३० व्होल्टचा फ्रिज इन्व्हर्टरवर लावायचा विचार सोडा.

खरा धोका वायरिंगचा आहे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट पाहिजे, नाहीतर हादऱ्यांनी वायर सोलते आणि आग लागते. गाडीची बॅटरी आणि ही मागची, या दोन्हींमध्ये इंजिन बंद झाल्यावर जोड तोडणारा रिले नसेल तर रात्री फ्रिज चालवून सकाळी सेल लागणार नाही. ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती पलंगाखालच्या बंद पेटीत नको. पेटीला बाहेर निघणारी नळी ठेवा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. सिलिंडर ५ किलोचा, उभा बांधलेला आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असू द्या. सांधे साबणाच्या फेसाने तपासा. झोपताना शेगडी अजिबात नको, पावसातही नाही.

कमानपाटा

घाटाचं सांगतो. जाताना आंब्याहून साखरप्याकडे उतार आहे, तेव्हा ब्रेक लागतील. येताना चढ, तेव्हा रेडिएटर. दोन्ही वेगळे तपासावे लागतात.

इंजिन बंद करून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पाय तसाच ठेवून सेल मारा. पेडल जरा खाली गेलं तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं तर व्हॅक्यूम पंप, त्याची नळी किंवा बूस्टर बघा. हा पंप इंजिनावर चालतो, म्हणूनच उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. जुनं असेल तर उतारावर तापून आत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. चारही चाकांतून जुनं ऑइल काढून नवीन भरून घ्या. मागची ड्रम उघडलीच आहेत तर व्हील सिलिंडर आणि बेअरिंगचं ग्रीसही बघा.

ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. ब्रेक दाबा, वेग कमी करा, सोडा. पाय ठेवून बसू नका. येताना साखरप्यातून पहाटे निघा. चढाला काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, गिअर एक खाली. तरी थांबेना तर सपाट जागी बाजूला घ्या आणि इंजिन न्यूट्रलमध्ये हळू चालू ठेवा. फॅन बेल्ट तुटला असेल किंवा पाणी गळत असेल तरच लगेच बंद करा. झाकणाला पाऊण तास हात लावू नका.

रजिस्टर नंबर

कागदांचं कुणी बोललं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, २००९ ची मुदत संपली. पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय का ते आरसीवर बघा. सीटा काढणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल, त्याला आरटीओची मंजुरी लागते. आरसीवर जुनी आसनसंख्या आणि आत पलंग असेल तर अपघातानंतर विमा कंपनी तेच बोट ठेवते. आणि सात माणसांना बेल्टच्या सात सीटा आहेत का? लेकरं चालत्या गाडीत पलंगावर झोपणार असतील तर बाकी सगळी तपासणी व्यर्थ आहे.

मोंढा नाका

सोबत फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, सहा क्लॅम्प, डिझेल फिल्टर, फ्यूज, १० लिटर पाणी आणि स्टेपनीच्या नटाला बसणारा लांब पाना घ्या. जॅकखाली ठेवायला जाड फळी पण घ्या, कोकणातल्या भुसभुशीत जमिनीत जॅक रुततो. ट्रॅव्हलरचा स्पेअर सोलापूर-कोल्हापूरला मिळेल, पण आधीच्या मालकाने बसवलेल्या पंपाचा आणि नळाचा वायसर कुठेच मिळायचा नाही, तो आत्ताच काढून दोन जास्तीचे आणून ठेवा.