नववीतलं प्रेम कळलं म्हणून पोराची शाळा बदलायची का?

मलप्रभाकाठ (धागा सुरू)

माझ्या साडूचा मुलगा आमच्याकडे बेळगावच्या वडगावात राहून शिकतो. त्याचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, सातवीपर्यंत मराठी शाळा. आठवीला साडूनं त्याला बेळगावातल्या एका कन्नड माध्यमाच्या हायस्कूलात घातलं. नोकरीधंदा इथंच करायचा तर कन्नड आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काही नाही. पण तोवर कन्नड हा नुसता एक विषय होता, आणि आठवीत विज्ञान, गणित, समाज सगळंच कन्नडातून आल्यावर पोराची वाचाच बसली.

त्यात बोलणं खानापुराकडचं, अंगात थोरल्या भावाचा ढगळ सदरा. टवाळ पोरांना आयतंच सावज. हा उत्तर द्यायला उठला की मागून माकडाचे आवाज. दुपारी बिसी ऊटाच्या (शाळेतल्या गरम जेवणाच्या) पंगतीत हा बसला की शेजारचे दोघे ताटं उचलून पुढं सरकणार. अंड्याच्या दिवशी ह्याचं अंडं भलताच खायचा आणि टरफलं ह्याच्या दप्तरात. बायकोनं एकदा दप्तर झटकलं तेव्हा आम्हाला कळलं. शाळेत जाऊन बोललो. सर म्हणाले, "पोरं हाईत, होतंय की. मिसळेल हळूहळू."

कसला मिसळतोय! सोमवार आला की पोटात दुखायचं.

नववीत वर्गातल्या एका मुलीनं ह्याची विज्ञानाची वही मागितली. घरी कन्नड बोलणारी मुलगी. ह्याच्या आकृत्या सुरेख असतात. तिला आकृत्या जमत नाहीत आणि ह्याला वाचायला जमत नाही, तिथून सुरुवात. ती वही मी पाहिलीय. कन्नड शब्द, त्याच्याखाली तिच्या अक्षरात देवनागरीत उच्चार (हिंदीमुळं देवनागरी येतेच तिला), आणि त्याच्याखाली ह्यानं पेन्सिलीनं लिहिलेलं मराठी. 'द्युतिसंश्लेषणे', खाली 'प्रकाशसंश्लेषण', आणि बाजूला पानाची आकृती, शीर न् शीर काढलेली. मग तिच्या दोन मैत्रिणी आकृत्या मागायला लागल्या, मग एक मुलगा. आता पंगतीत ह्याच्याजवळ चारपाच जणं बसतात. पोटदुखी गेली.

मागच्या महिन्यात साडूनं मोबाइल पाहिला. "तू मला आवडतेस", "मला पण". ह्याच्यापुढं काही नाही. साडू म्हणतो, नाव काढून खानापुरात मराठी हायस्कूलात घालतो. माझं मत विचाराल तर हे पाप आहे. त्या पोराला ज्या शाळेत दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी आपलं म्हटलं, तिथूनच त्याला उपटायचं? तुम्हाला काय वाटतं?

निपाणीची_मावशी

भाऊ, तुमचं मन चांगलं आहे, पण तुम्ही सगळं मुलाच्या बाजूनं लिहिलंय. मुलीच्या घरी कळलं तर काय होईल ह्यावर एक ओळ नाही. मुलाच्या घरी कळलं तर बैठक बसते, काका-मामा मत देतात, तुमच्यासारखं कुणी चार लोकांना विचारतं. मुलीच्या घरी कळलं तर तिची शाळा बंद होते. आमच्या गल्लीत झालंय. दहावीच्या परीक्षेला सुद्धा बसवली नाही पोरगीला, मे महिन्यात लग्न लावायला निघाले होते. कुणीतरी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून थांबलं.

तुमच्या साडूनं पोराला नेलं तर निदान ती तरी सुटेल.

कॉलेजरोड

मावशी, "ती सुटेल" म्हणजे काय? तिनं काय गुन्हा केलाय? अख्ख्या वर्गात माणुसकी दाखवली ती एका पोरीनं. माकडाचे आवाज काढणारे तिथंच राहणार आणि ही दोघं घाबरून पांगणार, असा न्याय आहे होय?

मी स्वतः हायस्कूलात बोबडा म्हणून मार खाल्लेला माणूस आहे. उपदेश करणारे ढीगभर होते. शेजारी बसणारं एक जण मिळालं असतं तर माझी अर्धी शाळा सुखाची गेली असती. धाग्याच्या बाजूनं माझं शंभर टक्के मत.

कायद्याचं_बोला

भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी. २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) १८ वर्षांखालच्या मुलाची किंवा मुलीची संमती मानत नाही. वही देणं, एकत्र जेवणं, "आवडतेस" लिहिणं हा गुन्हा नाही. पण स्पर्शापर्यंत गोष्ट गेली आणि मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली तर "दोघांची मर्जी होती" हे तिथं चालत नाही. मुलगाही अल्पवयीन, म्हणजे बाल न्याय मंडळापुढं उभा राहील.

आपल्याकडचंच सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठानं म्हटलं होतं की सोळाच्या पुढच्या मुली प्रेमात पडून निघून गेल्याची प्रकरणं बघता वयाच्या अटीचा फेरविचार विधी आयोगानं करावा. त्याच निकालात नववीपासून मुलांना ह्या कायद्याची माहिती द्या असंही शिक्षण खात्याला सांगितलं. पुढं २०२३ मध्ये विधी आयोगानं वय खाली आणू नका असाच अहवाल दिला. म्हणजे १८ ते १८च. साडू पोराला नेवो न नेवो, दोघांना समोर बसवून हे सरळ भाषेत कुणीतरी सांगा. वर्गात मास्तर तो धडा खोकून पुढं ढकलतात.

येळ्ळूरवाला

मूळ दुखणं कुणी बोलणार आहे का नाही? मराठी पोरगा कन्नड शाळेत घातला, मग हे होणारच. १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात घातलं, तेव्हापासून हेच चाललंय. १ नोव्हेंबरला घरातले काळा दिन पाळणार आणि पोराला शाळेत लाल-पिवळी फीत लावून कर्नाटक राज्योत्सवाला उभं राहायचं. त्याला कुठलं आपलेपण मिळणार? खानापूरला मराठी शाळेत न्या, आपोआप मिसळतोय बघा.

खडेबाजारचा_पाव्हणा

आला का, आला का! अरे मर्दा, पोराचं अंडं खाल्लंय, आणि हा १९५६ काढून बसला.

माझी सातवीपर्यंतची शाळा मराठी. आमच्या वर्गात चिक्कोडीकडचं एक कन्नड पोर होतं. त्याच्या मराठीला आम्ही इतकं हसायचो की ते पोर बोलायचंच बंद झालं. तेव्हा छळणारे आम्ही मराठीच होतो की. भाषा निमित्त असते, ती नसती तर सदरा मिळाला असता, नाहीतर दात. खानापुरात गेल्यावर ह्याला "बेळगावहून नापास होऊन आला" म्हणून चिडवणार नाहीत कशावरून?

येळ्ळूरवाला

निमित्त असेल, पण त्या निमित्तानं मास्तरही कानाडोळा करतात ते बघ. आपल्या भाषेत शिकला असता तर उत्तर तरी देता आलं असतं त्याला. ह्यावर बोल.

खडेबाजारचा_पाव्हणा

ते मान्य. सातवीनंतर असं एकदम पाण्यात ढकलणं चूकच, पोहायला आधी शिकवायला पाहिजे होतं. पण आता नववी अर्धी झालीय.

निवृत्त_मास्तर

मी चिक्कोडी तालुक्यात हायस्कूलवर नोकरी केली. इथं सगळे प्रेमावर भांडताहेत, माझं भांडण शाळेशी आहे.

वर्गात छळणारा खरा एकच असतो, फार तर दोघे. बाकीचे हसणारे. हसणारे नसतील तर त्या एकाचा खेळ चालत नाही, आणि ते हसतात कारण आपली पाळी येऊ नये म्हणून. मास्तरनं हसणाऱ्यांना फोडायचं असतं. बाक बदला, पंगतीत वाढायचं काम त्या पोराला आणि हसणाऱ्यातल्या एकाला मिळून द्या, प्रयोगवहीची जोडी लावून द्या. सगळ्यांदेखत "ह्याला त्रास देऊ नका रे" असं म्हणू नये, त्यानं त्या पोराचा तमाशा होतो आणि मधल्या सुट्टीत दुप्पट वसुली. मुख्य पोराला एकट्याला बोलवायचं, घरी काय चाललंय ते विचारायचं. बहुतेक वेळा तिथं बाप मारत असतो.

"मिसळेल हळूहळू" म्हणणाऱ्या सरांना हे सगळं ठाऊक असतं. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला मानसिक त्रास होता कामा नये असं लिहिलंय, कलम १७. ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, म्हणजे तुमचा पोरगा आठवीत होता तेव्हा बहुधा त्यातच बसत होता. आम्ही मास्तर ते छडीपुरतं वाचतो आणि छडी ठेवून मोकळे होतो.

धागाकर्त्याशी एक मतभेद. तुम्ही म्हणता प्रेमानं पोरगा वाचला. मला तुमच्याच लिहिण्यात वेगळं दिसतंय. आधी आकृत्या आल्या. वर्गाला हवं असलेलं काहीतरी त्याच्या हातात होतं, ते त्या मुलीनं पहिल्यांदा पाहिलं. हे शिक्षकाचं काम, ते एका पंधरा वर्षांच्या मुलीनं केलं.

टिळकवाडी_अक्का

माझं घर कन्नड, शेजार मराठी, म्हणून मराठीत लिहितेय, चुका पोटात घाला.

मी त्या मुलीच्या जागी होते. आमच्या वर्गात एक मुलगा होता, वडील भाजीबाजारात हमाल, पोरं त्याला वास येतो म्हणून नाक धरायची. मी त्याच्याशी बोलायला लागले. मला तो आवडायचा सुद्धा, खोटं कशाला बोलू. पण थोड्याच दिवसांत सगळ्यांनी त्याचं सगळं माझ्यावर सोडून दिलं. तो चिडला की सर मला पाठवायचे. तो आला नाही की "काय गं, कुठाय तुझा?" दहावीत मला नुसता अभ्यास करायचा होता, त्याला नाही म्हणायचं होतं, आणि म्हणता येत नव्हतं. मी बोलणं सोडलं तर तो जिवाचं काही करेल असं त्यानंच सांगितलं होतं. हे ओझं मी घरात कुणाला सांगू शकले नाही, कारण मग शाळाच बंद झाली असती. निपाणीच्या मावशी म्हणतात ते खोटं नाही.

कॉलेजरोड दादा, "एका पोरीनं माणुसकी दाखवली" हे वाचून तुम्हाला बरं वाटतं. तिला उद्या कंटाळायची मुभा आहे का, हे विचारा.

तरी पण मुलाला उचलून नेऊ नका. नेलंत तर ती मुलगी जन्मभर समजेल की माझ्यामुळं झालं. त्याला दुसरी चार माणसं मिळू देत. ती आता मिळायला लागलीच आहेत.

कॉलेजरोड

अक्का, तुम्हाला जे भोगावं लागलं ते वाईटच. पण प्रत्येक पोरगा तसा धमकी देईल असं धरून चालायचं का? इथं त्यानं "आवडतेस" म्हटलंय आणि तिनं "मला पण" म्हटलंय. एवढ्यावर थांबू देत की त्यांना. आपण मोठी माणसं भीतीच जास्त दाखवतो.

टिळकवाडी_अक्का

दादा, त्याला नव्हे, तुम्हा मोठ्या माणसांना सांगतेय मी. पोरगा वाईट आहे असं कुठं म्हटलं?

निपाणीची_मावशी

अक्का, तुमचं वाचून माझं मत अर्धं बदललं. पोराला नेऊ नका. पण मोबाइल काढून घ्या. वहीत काय लिहायचं ते लिहू देत.

कायद्याचं_बोला

मोबाइल काढून घेतला की मित्राच्या मोबाइलवरून बोलतात, मावशी. घरात हॉलमध्ये ठेवायचा आणि रात्री काकांच्या उशाशी, एवढं पुरे. आणि पोरगा पुन्हा गप्प गप्प व्हायला लागला तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचं वाचलं. अक्का, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या मुलीला एकदा विचारायला पाहिजे तिला काय वाटतं. पण आम्ही तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्या घरी कळणार, म्हणून ते आत्ता नाही.

काल साडू आला होता. दोन तास वाद झाला. मी म्हणालो, छळ चालू होता तेव्हा तू एकदा शाळेत आला नाहीस, आता नाव काढायला बरा येतोस. चिडला, जेवला नाही. जाताना म्हणाला दहावी होईपर्यंत राहू दे, पण मार्क पडले पाहिजेत. पोराला कायद्याचं मी सांगितलं. मान खाली घालून ऐकलं आणि "तिला पण सांगू का?" म्हणाला. म्हटलं सांग.

मास्तर, शाळेत पुन्हा जाणार आहे सोमवारी. बाक बदलण्याचं आणि पंगतीत वाढण्याचं तुम्ही लिहिलंय ते कागदावर उतरवून नेतो. पहिल्या सरांकडे नाही, थेट हेडमास्तरांकडे.

आणखी एक. वडगाव-शहापूर भागात संध्याकाळी कन्नड वाचायला शिकवणारं कुणी ओळखीचं आहे का? विज्ञानाची शिकवणी नको, नुसतं वाचन. आकृत्या तो बघून घेईल.

खडेबाजारचा_पाव्हणा

आहे एक बाई, शहापुरात. मेसेज करतो. फी थोडी जास्त घेतात पण पोरांना हसत नाहीत.