खडेबाजारातल्या घरगुती हॉटेलचा इतिहास भिंतीवर लावायचाय: १९५२ची बिअर कितपत खरी?

गल्लामागचं_फडताळ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. बेळगावात खडेबाजाराच्या अंगाला घरचं हॉटेल आहे, तिसरी पिढी चालवते. खाली मटण-भाकरीचं जेवण, माडीवर फॅमिली रूम. मागच्या गोडाऊनात आता ५०० लिटरचा मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवण्याचा छोटा) प्लांट बसवायचं चाललंय. त्यानिमित्ताने हॉटेलचा इतिहास पाच पॅनेलवर आणि सोळा पानी पुस्तिकेत मांडायचा आहे.

घरात तीन गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. हॉटेल १९४८ला निघालं. १९५२च्या सुमाराला कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्यांना इथं बिअर मिळायची. आणि मसाला आजही तोच आहे. बिअरच्या गोष्टीला आधार म्हणून एक फोटो दाखवतात: गल्ला, मागे फडताळ, फडताळात काळपट बाटल्या.

हाताशी अकरा रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या (दोन मोडीत), १९६१चं भागीदारीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा, सुटी बिलबुकं आणि तो फोटो, जो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. यातून खरं काय ते कसं काढायचं? चुकीचं काही भिंतीवर जायला नको.

---

रोजकीर्द_खतावणी यांचं उत्तर:

आधी एक करा. 'स्थापना' हा एकच शब्द वापरू नका. कुटुंब या धंद्यात कधी आलं, ही जागा कधी घेतली, पेढी कधी नोंदली, परवाना कधी मिळाला आणि बिअर कधी ओतली, ही पाच वेगळी सालं आहेत. बहुतेक हॉटेलांच्या इतिहासात घोळ होतो तो ही पाचही एकाच सालात कोंबल्यामुळे.

भागीदारीपत्र १९६१चं म्हणून हॉटेल १९६१चं ठरत नाही. १९३२च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. भाऊ वेगळे झाले, बँकेचं कर्ज लागलं किंवा विक्रीकराचं काम निघालं की लोक नोंदणी करायचे. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात 'पूर्वीपासून चालत असलेला धंदा' अशा अर्थाचं वाक्य आहे का बघा. असलं तर तेच तुमचं सोनं.

जागेसाठी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरचे फेरफार वरून खाली क्रमाने वाचा. भाड्याची जागा पुढे विकत घेतली असेल तर उताऱ्यावर नाव उशिरा येतं आणि धंदा त्याच्या कितीतरी आधीचा असतो. मधला काळ भरायला भाडेचिठ्ठ्या आणि नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या लागतील. सब-रजिस्ट्रारकडे जुन्या खरेदीखताची नोंद शोधताना फक्त आजोबांचं नाव देऊ नका, सिटी सर्व्हे नंबर आणि विकणाऱ्याचं नावही द्या. एकाच आडनावाचे दस्त ढिगाने असतात.

शॉप अॅक्टचा जुना दाखला मिळाला तर त्यावर कोणता कायदा छापलाय ते बघा. मुंबईचा १९४८चा असेल तर कागद जुन्या राज्यातला. कर्नाटकाचा (तेव्हाचा म्हैसूर) कायदा १९६१चा.

आता सुटी बिलं. तारीख फाटलेली असली तरी छापील मजकुरावरून काळ लागतो:

- दर आण्यात छापले असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीचं. हातानं 'चार आणे' लिहिलेलं मात्र पुरावा धरू नका, बोलण्यात आणि वहीत आणे नंतरही बरीच वर्षं टिकले.
- 'न.पै.' (नवे पैसे) असेल तर १९५७ ते १९६४. जून १९६४मध्ये 'नवा' शब्द गेला.
- 'मुंबई राज्य' १ नोव्हेंबर १९५६च्या आधी. 'म्हैसूर राज्य' त्या दिवसापासून १ नोव्हेंबर १९७३पर्यंत. 'कर्नाटक' त्यानंतर.
- ५९०ने सुरू होणारा सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरचं.
- व्हॅटचा टिन नंबर एप्रिल २००५पासून. एफएसएसएआयचा अन्न परवाना क्रमांक २०११पासून. २९ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक जुलै २०१७पासून.

छापील बिलबुकं लोक संपेपर्यंत वापरतात. म्हणून या खुणांवरून छपाईचा काळ कळतो, बिल फाडल्याचा नाही. चार-पाच वर्षं पुढे-मागे धरून चाला.

रोजकीर्दीत साल शकात असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधल्या नोंदींना ७९. व्यापारी वहीत कधी दिवाळीपासूनचा विक्रम संवत सापडतो. त्यात दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६ वजा. नुसता आकडा बघून शक आणि संवत यांची अदलाबदल झाली की एका झटक्यात १३५ वर्षांचा फरक पडतो. तो तरी लगेच लक्षात येतो. एका वर्षाची चूक मात्र कुणाला दिसत नाही आणि तीच छापली जाते.

मोडी वह्या वाचायला देताना मूळ वही हातची सोडू नका. प्रत्येक पान वरून, सपाट, बाजूचा उजेड घेऊन टिपा. वाचणाऱ्याला आधी फक्त पहिली दहा पानं आणि दिवाळीच्या आसपासची पानं द्या. वर्षारंभाच्या पानावर पेढीचं नाव, साल आणि शिल्लक असते.

---

दारूबंदी_ते_अबकारी यांचं उत्तर:

बिअरच्या गोष्टीवर थांबा. १९५२ला बेळगाव मुंबई राज्यात होतं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा, आणि एप्रिल १९५०पासून सगळ्या राज्यात पूर्ण दारूबंदी. त्यावर बलसारा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५१च्या निकालात काही कलमं पडली, पण कायद्याचा गाभा टिकला आणि लष्करी मेस-कँटीनला दिलेली सूटही टिकली. म्हणजे कॅम्पातल्या अधिकाऱ्याला बिअर मिळायची ती त्याच्या मेसमध्ये. खडेबाजारातल्या नागरी हॉटेलाला ती गल्ल्यावरून विकता येत नव्हती.

१९५६ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तरी इथली बंदी उठली नाही. ती उठली १९६७मध्ये, १९६५चा अबकारी कायदा अमलात आला तेव्हा. हॉटेल-लॉजिंगचा सीएल-७ आणि बारचा सीएल-९ ही परवान्यांची नावं १९६८च्या नियमांतली. कुणी '१९५५चा सीएल-९' म्हणून सांगितलं तर कुठेतरी गफलत आहे.

गोष्टीत काहीच तथ्य नाही, असं मात्र लगेच ठरवू नका. तीन शक्यता वेगवेगळ्या तपासा. हॉटेल खरंच १९४८चं असेल आणि बंदीच्या आधी १८७८च्या अबकारी कायद्याखाली परवाना असेल, तर फी भरल्याची नोंद रोजकीर्दीत असणारच, ती रक्कम लहान नसायची. दुसरी शक्यता, अधिकारी जेवायला इथं यायचे आणि बिअर मेसमध्ये प्यायचे, सांगता सांगता दोन्ही एक झालं. तिसरी, साल घसरलंय आणि गोष्ट १९६७नंतरची आहे. गोव्यातून, म्हणजे १९६१पर्यंत पोर्तुगीज हद्दीतून, माल यायचा असंही कुणी सांगेल. तो तस्करीचा आरोप आहे आणि तुमच्याच घरावर येतो. कागद नसेल तर लिहू नका.

वडीलधाऱ्यांना विचारताना 'कोणत्या साली?' हा प्रश्न कामाचा नाही. खुणेच्या घटना द्या: गोवा सुटलं त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा हॉटेलात बाटली होती का? बहात्तरच्या दुष्काळात भाकरीचा दर काय होता? आणि फक्त काका-आत्यांना विचारू नका. जुने आचारी, वाढपी, मटणवाले, बर्फवाले यांनाही विचारा. बर्फाची उचल अचानक वाढलेली दिसली तर बिअर कधी आली त्याचा तो अंदाज.

---

संकेश्वरी_ब्याडगी यांचं उत्तर:

'मसाला तोच' हे वाक्य तपासता येतं, आणि ते तपासणं बिअरपेक्षा महत्त्वाचं आहे. लोक तुमच्याकडे त्यासाठीच येतात.

रोजकीर्दीतून मिरची-खरेदी वेगळी काढा. ब्याडगी किती, संकेश्वरी किती. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, त्यामुळे त्यांचं प्रमाण बदललं की रस्सा बदललाच. एका महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका. मिरची हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, वर्षाची भरतात, म्हणून बेरीज पूर्ण वर्षाची हवी. त्याच वर्षाची धणे, सुकं खोबरं, तीळ, खसखस यांची खरेदी शेजारी मांडा. दर दहा वर्षांतलं एक वर्ष घेतलं तरी चित्र उभं राहतं. जुनी मापं शेर-छटाकात असतील. पक्का शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. पण कोणता शेर ते आधी ठरवा. मापाचा शेर धान्याला वेगळा, वजनाचा वेगळा. मेट्रिक वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे मधल्या चार वर्षांच्या वह्यांत दोन्ही सापडतील.

जळणही बघा. लाकूड, मग कोळसा, मग १९ किलोचा सिलिंडर. लाकडावर भाजलेलं खोबरं आणि बर्नरवरचं खोबरं एकसारखं लागत नाही. तूप-तेलाच्या जागी वनस्पती तूप कधी आलं, तेही खरेदीत दिसतं.

आणि एक कळकळीचं सांगते. मसाला कुटणारा हात वहीत नसतो. घरच्या बायकांनी वर्षानुवर्षं परसात मिरच्या वाळवल्या, भाजल्या, कुटल्या, पण त्याला मजुरी नव्हती म्हणून खर्चाची नोंद नाही. फक्त वह्यांवरून इतिहास लिहिलात तर त्या गायब होतील. खरेदी मिरचीची आहे आणि डंकाची (मसाला कुटून देणाऱ्या गिरणीची) मजुरी कुठेच नाही, तर मसाला घरात होत होता, हाच पुरावा. त्या कोण होत्या ते घरात विचारा आणि पॅनेलवर नावानिशी लिहा.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. दमटपणामुळे फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो, ओढला की चित्र काचेवर आणि कोरा कागद हातात. काचेसकट ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागची पाठ मोकळी असेल तर तिचाही फोटो घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. मूळ काहीही भिंतीवर लावू नका, लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. स्वयंपाकघराची वाफ, तेलकट हवा आणि आपला चार महिन्यांचा पाऊस, कागद तग धरणार नाही. प्रती छापा. एका पॅनेलवर १२० शब्दांच्या वर जाऊ नका, जेवणारा माणूस उभा राहून त्याहून जास्त वाचत नाही. बाहेरच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड लागतं, ते डिझाइन करतानाच धरा. आत कन्नड, मराठी, इंग्रजी शेजारी शेजारी ठेवा, गिऱ्हाईक तिन्ही भाषांचं आहे.

---

कण्या_आणि_माल्ट यांचं उत्तर:

प्लांटचं बोलतो, कारण पाचवं पॅनेल त्याचं असणार.

कर्नाटकात मायक्रोब्रुअरी २०१०च्या आसपास सुरू झाल्या. तेव्हा '१९४८पासून ब्रूपब' असं कुठेही येऊ देऊ नका. हॉटेल जुनं, ब्रुअरी नवी, असं सरळ लिहा. ब्रुअरीचीही तीन सालं-तारखा असतील: परवाना, पहिला मॅश (भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवणं), पहिला ग्लास. एल प्रकारच्या बिअरला मॅशपासून ग्लासापर्यंत दोन-तीन आठवडे लागतात, लागर प्रकाराला पाच-सहा. आजपासूनच बॅचवही ठेवा: तारीख, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किलोत, पाण्याचा उगम, मॅशचं तापमान, सुरुवातीची आणि शेवटची घनता, यीस्ट, फर्मेंटरचं (आंबवण्याच्या भांड्याचं) रोजचं तापमान. पन्नास वर्षांनी कुणी इतिहास लिहील तेव्हा हीच रोजकीर्द.

जुन्या घराशी जोडणारं काही हवं असेल तर ज्वारी वापरा, पण नीट. ५०० लिटर, १.०४८ सुरुवातीच्या घनतेला एकूण साधारण १०० किलो धान्य लागतं. त्यात १५ किलो ज्वारीच्या कण्या चालतील. कच्च्या कण्या थेट ६६ अंशांच्या मॅशमध्ये टाकल्या तर ज्वारीतलं स्टार्च मोडत नाही, कारण ते फुलायलाच त्याहून जास्त उष्णता लागते. मग घनता कमी येते आणि बिअर कायमची गढूळ राहते. म्हणून कण्या ७० लिटर पाण्यात दीड किलो माल्ट घालून आधी ७० अंशांवर दहा मिनिटं ठेवा, मग २५ मिनिटं उकळा. त्या माल्टमुळे कांजी खळीसारखी घट्ट होत नाही. मुख्य मॅश २३० लिटर पाण्यात ५५ अंशांवर धरा. उकळती कांजी त्यात ओतली की सगळं ६४-६५वर येतं, तिथं तासभर. ज्वारीला सालपट नाही, म्हणून गाळणी तुंबते. दोन-तीन किलो धुतलेलं भाताचं तूस मिसळा, आपल्याकडे त्याला तोटा नाही.

राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, नळाचं पाणी क्लोरिनचं असतं. कार्बन फिल्टर हवाच, नाहीतर बिअरला औषधी वास येतो. परसातली विहीर वापरायची तर पावसाळ्यात आणि मे महिन्यात अशी दोनदा तपासणी करून घ्या, दोन्हीचे आकडे वेगळे येतात.

फर्मेंटर माडीवर नेऊ नका. ५०० लिटर बिअर आणि भांडं मिळून ७०० किलोच्या आसपास, चार पायांवर. प्रत्येक पायाखाली पावणेदोनशे किलो. जुना कडीपाट ते पेलायला बांधलेला नाही. गोडाऊनातही शहाबादी फरशीच्या खाली पोकळी आहे का ते ठोकून बघा, पायाखाली काँक्रीट घ्या आणि सांडपाण्याला उतार आधी काढा. चिलर स्वतंत्र लाइनवर हवा. आंबताना बिअर स्वतःच चार-पाच अंश तापते. उन्हाळ्यात वीज गेली आणि २४च्या वर गेलं की गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास उग्र होतो आणि पुढे थिनरसारखा. गाळलेला ओला चोथा सव्वाशे किलोच्या घरात निघेल. गवळ्याला त्याच दिवशी द्या, दुसऱ्या दिवशी आंबून जनावरं खात नाहीत.

---

गल्लामागचं_फडताळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काचेसकट स्कॅन केलं. पाठीवर स्टुडिओचा अर्धा शिक्का आहे, त्यात 'म्हैसूर राज्य' वाचता येतं. मोठं करून पाहिलं तर गल्ल्याच्या बाजूला छापील दरफलक: 'स्पे. चहा १५ न.पै.' आणि मोडी वहीच्या पहिल्या पानावर शके १८७०, कार्तिक शुद्ध प्रतिपदा.

---

दारूबंदी_ते_अबकारी:

मग बरंच सुटलं की! शके १८७० कार्तिक म्हणजे १९४८ची दिवाळी. त्या पानावर मागची शिल्लक ओढलेली नसेल तर ती पहिलीच वही, आणि १९४८ पक्कं. शिल्लक असेल तर हॉटेल त्याहून जुनं.

फोटो १९५७ ते १९६४च्या मधला. तेव्हा बंदी चालू होती, म्हणून फडताळातल्या बाटल्या विकायच्या बिअरच्या धरता येत नाहीत. रिकाम्या बाटल्या तेव्हा तेल, मध, फिनेल, सिरप कशालाही वापरत. तोंडाला बूच आहे की टोपण, आणि सगळ्या एकाच पातळीपर्यंत भरलेल्या आहेत का, ते स्कॅनमध्ये बघा. फोटोखाली 'गल्ला आणि दरफलक, १९५७–६४' एवढंच लिहा. अधिकाऱ्यांची गोष्ट पुस्तिकेत 'घरात सांगतात' म्हणून वेगळ्या चौकटीत घ्या आणि शेजारी दारूबंदीची सालं द्या.

१९६७-६८च्या रोजकीर्दी त्या अकरांत आहेत का? असतील तर परवाना फी आणि बर्फ, दोन्ही नोंदी तिथं शोधा.